टेबलाखालचा राउटर : वॅटच्या आधी वेग वाचा

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. गेली चार वर्षं मी घरच्या घरी सुतारकाम करते. ७१० वॅटचा छोटा ट्रिमर, म्हणजे फिरत्या बिटाने लाकूड कोरणारा लहान राउटर, प्लायवूडच्या टेबलाखाली उलटा बसवून आजवर कडांची गोलाई, लहान खाचा आणि फोटोच्या चौकटी केल्या. आता कपाटांची चौकट-पॅनेलची, म्हणजे चौकटीत मधे फळी बसवलेली, दारं करायची आहेत. त्यासाठी पॅनेलची कड उतरवणारं ८० मिमी व्यासाचं बिट आणि चौकटीच्या सांध्यांसाठी बिटांची जोडी घ्यायचं मनात आहे. एक विक्रेते म्हणतात, या कामाला राउटर २४०० वॅटच्या खाली बघूच नका. ओळखीचे एक सुतार म्हणतात, १६०० पुष्कळ झाले. प्लंज, म्हणजे मोटर खांबांवर वर-खाली सरकणारा, घ्यावा की पक्क्या बेसचा? टेबलाखालून काढून तोच हातातही वापरता आला तर बरं. एकदाच घ्यायचाय, म्हणून नीट विचारून घेते.

उत्तर : ताई, दोघांनीही तुम्हाला वॅट सांगितले. मी आधी दुसराच आकडा बघायला सांगतो. यंत्राच्या पट्टीवर वॅटच्या जोडीला मिनिटाला किती फेरे ते छापलेलं असतं, इतक्यापासून इतक्यापर्यंत. त्यातला लहान आकडा वाचा. तो ८,००० ते १०,००० असेल तर पुढचं बोलू. तिथे २२,००० किंवा २३,००० असा एकच आकडा असेल, तर यंत्र कितीही दणकट असो, तुमच्या ८० मिमीच्या बिटासाठी ते नाही.

माझ्या पहिल्या टेबलाखाली असाच एकाच वेगाचा राउटर होता. अर्ध्या इंचाचं कोलेट (बिटाचा दांडा पकडणारी चिमटी), हाताला भरभक्कम. वर्षभर त्याच्यावर खाचा मारल्या, तक्रारीला जागा नव्हती. मग पॅनेलचं मोठं बिट आणलं, घट्ट बसवलं आणि लाकूड हातात घेण्याआधी नुसतं चालू करून पाहिलं. पहिल्या क्षणी आवाज ओळखीचा होता. मग तो चढत गेला, टेबलाची फळी पायांपर्यंत थरथरली आणि फळीवर ठेवलेली पेन्सिल सरकत सरकत फेन्सला, म्हणजे लाकूड टेकवून चालवायच्या उभ्या पट्टीला, जाऊन टेकली. मी बटन बंद केलं. बिट थांबेपर्यंत बाजूला सरकून उभा राहिलो, कारण ते सुटलंच तर कुठे जाईल हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी लाकूड लावलं नाही. ते बिट पुन्हा त्या यंत्रावर चढवलं नाही.

हिशेब साधा आहे. १२ मिमीचं बिट २२,००० फेऱ्यांनी फिरतं तेव्हा त्याची धार ताशी सुमारे ५० किलोमीटरने धावते. त्याच वेगावर ८० मिमीचं बिट लावलं की धारेचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या वर जातो. फेरे १०,००० वर आणले की तो १५० वर येतो. शिवाय पाती बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०,००० ऐवजी २२,००० फेऱ्यांवर तो जवळजवळ पाचपट होतो. बिटाच्या दांड्याला आणि कोलेटला हे सगळं झेलायचं असतं. म्हणून साधारण २५ मिमी व्यासापर्यंत पूर्ण वेग चालतो, ५० मिमीपर्यंत १८,०००, ६५ मिमीपर्यंत १६,००० आणि त्याहून मोठ्या बिटाला १०,००० ते १२,०००. बिटाच्या दांड्यावर किंवा पाकिटावर कमाल वेग छापलेला असेल तर तोच शेवटचा शब्द.

आता ताकदीकडे येतो. वेग कमी करायचा आणि लाकूड मात्र तेवढंच कापायचं, म्हणजे प्रत्येक फेऱ्यात मोटरने जास्त जोर लावायचा. लहान मोटर तिथे दबते. आवाज खाली जातो, धार कापायच्या ऐवजी घासते, लाकडावर तपकिरी डाग पडतात. मोटर गरमही लवकर होते, कारण तिला गार करणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. वेग उतरला की वाराही उतरतो. २००० वॅटच्या वरचं यंत्र मी टेबलाखाली घ्या म्हणतो ते एवढ्यासाठी. मोठं बिट हळू फिरवायचं आणि तरी दबायचं नाही, हे काम त्याला जमतं. नुसत्या गोलाया आणि ६ मिमीच्या खाचा मारायच्या असत्या तर तुमचा ट्रिमरसुद्धा आणखी दहा वर्षं पुरला असता.

या कामाला इलेक्ट्रॉनिक्सची साथ लागते. चांगल्या यंत्रात भार आला की वेग राखणारी व्यवस्था असते. लाकूड लागताच मोटरला जास्त प्रवाह मिळतो आणि फेरे टिकतात. जिथे वेगाची चकती आहे पण ही व्यवस्था नाही, तिथे १०,००० वर ठेवलेला राउटर लाकूड लागताच आणखी खाली येतो. माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, ते शोधून वाचा. हळू सुरू होण्याची सोयही हवी. सहा-सात किलोचं यंत्र उलटं टांगलेलं असताना झटक्याने सुरू झालं की ते ज्या प्लेटला टांगलेलं असतं तिचे स्क्रू दर वेळी थोडे थोडे ढिले होतात.

वॅटबद्दल एक सावधगिरी. छापलेला आकडा बहुतेक वेळा यंत्र किती वीज खातं त्याचा असतो, बिटाशी किती पोचतं त्याचा नाही. हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर तर मी विसंबतच नाही. अमेरिकी यंत्रांवर सव्वातीन हॉर्सपॉवर असं लिहिलेलं दिसतं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा सव्वातीन म्हणजे २४०० वॅटच्या वर. पण तिथला नेहमीचा सॉकेट १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचा, म्हणजे १८०० वॅट. सॉकेटमधून जे येतच नाही ते मोटर सतत देणार कुठून? तो क्षणभराच्या कमाल जोराचा आकडा असतो. तुलना करायची तर दोन्ही यंत्रांचे व्होल्ट आणि अँपिअर बघा.

सुतारदादांचं १६०० वॅटही मी मोडीत काढत नाही. त्यांच्या सल्ल्यातून एक चांगली वाट निघते. पॅनेलचं बिट उभ्या बांधणीचंही मिळतं. त्याचा व्यास साधारण ३८ मिमी असतो आणि कापाची रुंदी उंचीतून येते. ते १६०० वॅटचं, अर्ध्या इंची कोलेटचं यंत्र १८,००० फेऱ्यांवर आरामात फिरवतं. त्यासाठी पॅनेल फेन्सला टेकवून उभं चालवावं लागतं, म्हणून फेन्स उंच आणि गुण्यात, म्हणजे टेबलाशी काटकोनात, हवी. डोक्याशी कमान असलेलं पॅनेल मात्र या बिटाने होत नाही, कारण वळलेली कड फेन्सला धरून उभी नेता येत नाही. तुमची दारं सरळ चौकोनी असतील तर ही वाट खरोखर विचारात घ्या. कमानी करायच्या असतील तर आडवं मोठं बिट आणि मोठं यंत्र.

कोलेट अर्ध्या इंचाचंच, यात माझ्याकडून तडजोड नाही. पाव इंचाच्या दांड्यापेक्षा अर्ध्या इंचाचा दांडा दुप्पट जाड, पण वाकण्याला तो सोळापट जास्त विरोध करतो. सांध्याच्या बिटांवर दोन-तीन पाती आणि बेअरिंग एकावर एक चढलेली असतात. दांडा केसभर जरी लवला, तरी दाराच्या चौकटीत सांधा एका बाजूला उघडा राहतो.

प्लंज की पक्का बेस, या प्रश्नाला यंत्र उलटं करूनच उत्तर मिळतं. प्लंज राउटरच्या दोन खांबांतल्या स्प्रिंगा मोटरला बेसपासून दूर ढकलतात. हातात असताना ते सोयीचं. टेबलाखाली मोटरचं वजनही खाली ओढतं आणि स्प्रिंगाही खालीच ढकलतात, म्हणजे बिट वर आणताना तुम्ही दोघांशी झगडता. कोपर जमिनीला टेकवून, मान वाकडी करून, एका हाताने मोटर वर दाबत दुसऱ्याने खिटी आवळायची आणि आवळता आवळता उंची अर्धा मिलिमीटर सरकायची, हे मी बरीच वर्षं केलंय. तुम्ही करू नका. प्लंज घेणार असाल तर स्प्रिंग काढता येते का आणि प्लेटच्या वरून चावी घालून उंची फिरवता येते का, एवढं विचारा. ट्रायटनचा टीआरए००१ हा २४०० वॅटचा राउटर टेबलाचा विचार करूनच घडवलेला आहे. त्याची उंची वरून फिरवता येते, स्प्रिंग काढता येते आणि मोटर पूर्ण वर आणली की मोटरचा दांडा आपोआप अडकतो, म्हणून बिट वरूनच एका पान्याने बदलता येतं. मी त्याचं नाव नमुना म्हणून सांगतोय. ज्या कोणत्या यंत्रात या सोयी असतील ते बघा.

दुसरी वाट म्हणजे वेगळी लिफ्ट, टेबलाखाली मोटर धरून वर-खाली करणारी जोडणी, घ्यायची आणि तिच्यात नुसती मोटर बसवायची. हे सगळ्यांत पक्कं, पण इथे वॅटच्याही आधी मोटरच्या अंगाचा व्यास बघावा लागतो. बऱ्याच मोठ्या लिफ्ट ४.२ इंच व्यासाच्या मोटरसाठी असतात, मध्यम यंत्रांचा व्यास ३.५ इंच असतो. लिफ्ट आणि मोटर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणाहून घेऊ नका.

तोच राउटर हातातही चालवावा ही तुमची इच्छा मात्र मी सोडून द्या म्हणेन. काढल्यावर स्प्रिंग परत घालायची, प्लेटचे स्क्रू सोडायचे, पुन्हा बसवताना प्लेट फळीच्या पातळीत आणायची, असा अर्धा तास जातो. मग आठवड्याभरात माणूस काढायचंच बंद करतो. हातात तुमचा ट्रिमर उत्तम आहे. मोठा टेबलाखाली कायमचा राहू दे.

घ्यायला जाल तेव्हा वजन आणि आवाजाने भारून जाऊ नका. खिशात टेप, एक स्क्रूड्रायव्हर आणि अर्ध्या इंची दांड्याचं कुठलंही बिट न्या. यंत्र उलटं धरा. मोटर पूर्ण पुढे आणा आणि कोलेटचा नट बेसच्या पातळीपासून किती वर येतो ते मोजा. त्यातून प्लेटची जाडी वजा करायची, बहुधा ६ ते १० मिमी. उरलेल्या उंचीत पाना फिरला पाहिजे, नाहीतर प्रत्येक बिट बदलताना वाकून टेबलाखाली जावं लागेल. मग बेसचं भोक मोजा. पुष्कळ राउटरचं भोक ६० मिमीच्या आसपासच असतं, तिथून ८० मिमीचं बिट खाली उतरणारच नाही. ही गोष्ट घरी आल्यावर कळते आणि फार जिव्हारी लागते. मग बिट बसवून नट आवळा आणि पुन्हा सोडा. चांगल्या कोलेटचा नट पहिल्यांदा सुटतो, चार फेरे मोकळा फिरतो, मग पुन्हा जड होतो आणि त्या दुसऱ्या वेळी कोलेट दांड्यावरून खेचून काढतो. शेवटी बिट हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. बेअरिंगमध्ये जाणवण्याइतका हेलकावा असेल तर ते यंत्र परत ठेवा.

नावं नीट वाचा. मकिताचा आरपी१८०० एकाच वेगाचा, २२,००० फेऱ्यांचा आहे. त्याच कंपनीचा आरपी२३०१एफसी ९,००० ते २२,००० चालतो. कपाटावर शेजारी शेजारी ठेवले तर घाईत फरक लक्षात येत नाही.

बटन दाबून धरावं लागतं की दाबून अडकून राहतं, हेही बघा. टेबलाखाली ते अडकून राहणारंच लागतं. बटनाला चिकटपट्टी लावून ठेवलेली यंत्रं मी पाहिली आहेत. असं कधीही करू नका. टेबलाच्या पुढच्या पायाला, गुडघ्याने बंद करता येईल असं वेगळं बटन लावा आणि ते वीज जाऊन परत आली तर आपोआप सुरू न होणाऱ्या प्रकारचं घ्या. बिट बदलताना त्या बटनावरही विसंबू नका. प्लग काढून, डोळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवायचा.

यंत्र आल्यावर पहिलं पॅनेल कसं करायचं, तेही सांगतो, कारण ताकद आहे म्हणून एका दमात कापायचा मोह होतोच. उंची नेहमी खालून वर आणत पक्की करा; वरून खाली आणून थांबलात तर वजनाने ती पुढे बसते. पहिला काप ३ मिमीचा, दुसरा तेवढाच, मग थोडा आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर. शेवटचा काप लाकडाला फक्त साफ करतो, पॉलिश-कागदाचं निम्मं काम तिथेच वाचतं. आधी रेष्यांच्या आडव्या दोन कडा चालवा, मग रेष्यांच्या बाजूने जाणाऱ्या दोन. आडव्या कडेच्या टोकाला लाकूड थोडं तुटतंच, आणि पुढच्या कापात ती तूट निघून जाते. लाकूड उजवीकडून डावीकडे न्यायचं. बिट आणि फेन्स यांच्या मधून फळी कधीही घालायची नाही. बिट ती हातातून हिसकावून घेतं आणि हात तिच्या मागोमाग जातो.

तेव्हा माझा कौल असा : कमानीची दारं असतील तर २००० ते २४०० वॅट, सर्वांत कमी वेग १०,००० किंवा त्याखाली, अर्ध्या इंचाचं कोलेट, वरून उंची. सरळ दारं असतील तर १६०० वॅट आणि उभं बिट, आणि उरलेल्या पैशांत चांगली फेन्स करा.

प्रश्न : सर, टेबलावर १२ मिमी दांड्याचं सरळ बिट अर्ध्या इंचाच्या कोलेटमध्ये लावलं. नट घट्ट बसला, बिट हललंही नाही. तरी ६० सेंटीमीटर लांबीच्या खाचेची खोली सुरुवातीला ८ मिमी आणि शेवटी ११ मिमी आली. टेबल खचतंय का?

उत्तर : टेबल जागेवर आहे, बिट वर चढतंय. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. १२ मिमीचा दांडा त्यात आवळला तरी कोलेट त्याला सगळीकडून धरत नाही, दोन-तीन ठिकाणीच चावतं. कापताना थरथरीने दांडा हळूहळू बाहेर सरकतो आणि टेबलात बाहेर म्हणजे वर. दांडा काढून उजेडात फिरवा, त्यावर चमकदार ओरखड्यांच्या रेषा दिसतील. तुम्ही ३ मिमीवर थांबलात हे चांगलं झालं. पूर्ण सुटलं असतं तर ते वरच आलं असतं. ६ मिमी आणि पाव इंचाच्या दांड्यांचीही हीच गत, पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. ज्या मापाचा दांडा त्याच मापाचं कोलेट. ते आवळलेलं कोलेटही आता तपासा, कडा वाकल्या असतील तर बदला. दांडा तळापर्यंत घालून मग २-३ मिमी वर ओढून आवळायचा. तळाला टेकलेला दांडा नट आवळताना कोलेटसोबत खाली सरकू शकत नाही आणि पकड अर्धवट राहते.

प्रश्न : टेबलाखाली पेटी करून ती चारी बाजूंनी बंद केली आणि भुसा ओढणारं यंत्र जोडलं. आता धूळ नाही, पण २२०० वॅटचा राउटर दहा मिनिटांत हात लावता येणार नाही इतका तापतो. यंत्र परत करू का?

उत्तर : परत करू नका, पेटीला भोक पाडा. राउटरचा पंखा मागच्या टोकाकडून हवा घेतो आणि बिटाकडे सोडतो. उलटा टांगला की तो खालून हवा घेऊन वर सोडतो. तुमच्या पेटीत ओढणारं यंत्र आणि राउटर दोघंही त्याच थोड्या हवेवर आहेत. मोटरच्या मागच्या टोकासमोर, पेटीच्या दाराला तळहाताएवढी खिडकी ठेवा आणि भुशाची नळी शक्य तेवढी वर, बिटाजवळ न्या. फेन्सच्या मागूनही एक नळी घ्या, निम्म्याहून अधिक भुसा तिथेच उडतो. मोटर तापली असेल तर लगेच बंद करण्याऐवजी मिनिटभर लाकडाशिवाय फिरू द्या, तिचाच पंखा तिला गार करतो. आणि २२०० वॅट २३० व्होल्टवर जवळजवळ १० अँपिअर ओढतात, तेव्हा तुमची जोडवायर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडून ठेवा. तिच्यावरही एकदा हात ठेवून बघा.